विचारायची भीती

नर्सिंगमध्ये चुकीला माफी नसते. चुकलेल्या डोसची किंमत पेशंट मोजतो. म्हणून सीनियरने कडक असायलाच हवं, असं मी आजही मानते. पण कडकपणाच्या आडून आमच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं जे चालत आलंय, ते शिस्तीच्या खात्यावर टाकायला माझं मन तयार होत नाही.

रात्री आठचा हँडओव्हर. नवी मुलगी एकेका खाटेपाशी थांबून माहिती देत असते. एका आजोबांचं सलाईन आउट झालेलं, हात सुजलेला. ते बंद करून दुसऱ्या हाताला लावून घे, एवढं सांगितलं तरी काम भागलं असतं. त्याऐवजी नातेवाइकांसमोर प्रश्न येतो, "सर्टिफिकेट विकत आणलंस का गं?" दोघीतिघी हसतात. पुढच्या ड्युटी चार्टमध्ये तिला सलग नाइट्स लागतात, मागितलेला ऑफ कापला जातो, चहाला जाताना तिला कुणी हाक मारत नाही. यातलं एकेक तक्रार करण्याजोगं वाटत नाही, पण सगळं साचत गेलं की माणूस खचतं.

ड्युटीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. हॉस्पिटलचं गेट दिसलं की पोटात गोळा येतो. 'मला काही येतच नाही' हे मनात घर करून बसतं. चांगल्या हुशार मुली अशाच पेशा सोडून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पेशंटचा धोका तर त्याहून मोठा. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेतून दिलं, तर हृदय बंद पडू शकतं. जिला काल चारचौघांत झापलं, ती आज "सिस्टर, हे किती सलाईनमध्ये घालू?" असं विचारायला धजेल का? अपमान झाला की प्रश्न बंद होतात, आणि प्रश्न बंद झाले की चुका वाढतात.

परिचारिका आपलीच पिल्लं खातात का, हा सवाल ज्युडिथ माइसनर यांनी 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका नर्सिंग मासिकात केला होता. आपल्याकडची कारणं डोळ्यांसमोर आहेत. रात्रपाळीत एकीच्या वाट्याला तीस-चाळीस खाटा येतात. डॉक्टरांचं आणि नातेवाइकांचं दिवसभर ऐकून घेतलेली सिस्टर जुन्या सासूसारखी म्हणते, आम्ही सोसलं, तूही सोस. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. या रोजच्या टोचणीची दाद मागायची ती इनचार्जकडे, आणि अनेकदा तक्रार तिच्याचविरुद्ध असते.

तरीही हा आमचा स्वभावच, असं मी मानणार नाही. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 ला त्या गेल्या. तोवर जवळजवळ 42 वर्षं तिथल्या परिचारिकांनी आपल्या या सहकारी मैत्रिणीला सांभाळलं. ज्यांनी तिला कधी चालताबोलताना पाहिलं नव्हतं, त्या नव्या मुलींनीही सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये या सेवेचं मनापासून कौतुक केलं.

आपल्यातलीला सांभाळणं आम्हाला इतकं येतं. मग ते धडधाकट पण घाबरलेल्या मुलीच्या वाट्याला का येऊ नये? चूक बाजूला घेऊन सांगावी. राग काढण्यासाठी ऑफ कापू नये. तक्रार ऐकणारं माणूस वॉर्डाबाहेरचं असावं. नव्या मुलीला निर्धास्तपणे विचारता येईल, अशी एक सीनियर ठरवून द्यावी. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्यांची सुरुवात आम्ही जुन्या सिस्टरांनीच करायला हवी.