आमच्या वाड्यात जोंगा!

जोंगा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आताच सावध व्हावं, कारण हल्ली मला दुसरा विषय सुचत नाही. लग्नाच्या पंगतीत मी जोंगावर बोलतो, बडकस चौकात तर्री-पोहे खाताना शेजारच्या अनोळखी माणसाला जोंगा समजावून सांगतो. आई म्हणते, बापलेकाला एकदमच झपाटलं. खरं आहे! पण गाडीच तशी आहे हो.

जपानच्या निसान कंपनीची पॅट्रोल नावाची एक दणकट गाडी होती. तिचा पी-६० हा नमुना आपल्या लष्करासाठी जबलपूरला तयार होऊ लागला. तिथल्या व्हेइकल फॅक्टरीतून १९६९ ते १९९९, अशी तीस वर्षं ही गाडी बाहेर पडत होती. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, यातली अक्षरं जोडून जोंगा. बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, साधारण ११० अश्वशक्ती, तेही पेट्रोलवर! हिने अधिकारी वाहिले, जखमी वाहिले, तोफाही वाहिल्या. १९६५ च्या लढाईत अब्दुल हमीद यांनी असल उत्तरला जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या जातीची तोफ पुढे जोंगावरही बसली. आणि ही गाडी जिथे घडली ते जबलपूर आपल्या नागपुराहून एका दिवसात जाऊन यावं इतकं जवळ. मला पत्ताच नव्हता!

आमच्या हाती आलेली जोंगा लष्करी लिलावातून सुटून काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत गेली होती. तिथे तिने वर्षानुवर्षं संत्र्याचे क्रेट ओढले आणि मग गोठ्यामागे उभी राहिली ती राहिलीच. मालक कबाड्याला देणार होते. बाबांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "घेऊन टाकू." बाबांच्या तोंडी घासाघीस न करता निघालेलं हे आयुष्यातलं पहिलं वाक्य असावं.

नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर आणता येईल. ट्रकवरून उतरवलेली जोंगा आरसे काढून, शेजाऱ्यांच्या स्कूटर हलवून, अर्ध्या मोहल्ल्याच्या सूचना ऐकत वाड्याच्या दारातून आत ढकलली. सूचना देणारे पुष्कळ होते, ढकलणारे बेतानेच.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्य डिझेलच्या गाड्यांखाली गेलं. मी हिशेबाच्या धंद्यातला, पाना उलटा धरणारा. मला वाटलं, बाबा काम करतील आणि मी चहा आणीन. पण गंमत पुढे आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, डिस्ट्रिब्युटर नसतो, कार्बोरेटर नसतो. म्हणजे बाबांना जे येत होतं त्यातलं निम्मं इथे कामाचंच नव्हतं! सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन त्यांनाही नवं. मग मी मॅन्युअल वाचून दाखवू लागलो आणि ते ऐकत, मान हलवत हात चालवू लागले. ठिणगीचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. तो त्यांनी आंघोळीच्या वेळी पाठ केला, बाथरूममधून ऐकू यायचा.

पाने मात्र लागले. एसटीत लेलँडच्या गाड्यांना इंचातले पाने आणि टाटाच्या गाड्यांना मिलिमीटरमधले, असे दोन संच बाबांनी जपून ठेवले होते. जपानी गाडी म्हणजे मिलिमीटर. टाटाचा संच जोंगाच्या नटावर चपखल बसला तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आणि इथेच मला ते कळलं ज्यासाठी हा सगळा लेख लिहितोय. ही गाडी उघडण्यासाठीच बनवली आहे! आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि त्यावर हात लावू नका अशी सूचना. जोंगात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा. चारही चाकांना साधे पाटे आणि ड्रमचे ब्रेक. प्रत्येक पाना फिरवायला मोकळीक, प्रत्येक ग्रीस निपल डोळ्यांना दिसेल असा. ज्या जवानाला वाळवंटात किंवा बर्फात एकट्याने ती दुरुस्त करावी लागेल, त्याचा विचार करून कोणीतरी तो नट तिथे बसवलाय. मी त्या माणसाला भेटलो नाही, पण मला तो आवडतो.

टॅपेटचं झाकण काढून बाबांनी फीलर गेजची पातळ पट्टी सरकवली. "पाय, निसटली तर ढिलं, अडकली तर टाइट. थोडी धरून ठेवल्यासारखी सरकली पायजे." मग ती पट्टी माझ्या बोटांत दिली. बारापैकी बारा व्हॉल्व्ह मी केले, ते शेजारी स्टुलावर बसून होते. नंतर एक-एक पुन्हा तपासला त्यांनी, पण मी पाणी प्यायला गेलो तेव्हा.

भांडण झालंच. बाबांचं म्हणणं, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवू, लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी कोण पोसणार? हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर होते आणि हिशेबनीस मी आहे! पण २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार न केलेली खासगी गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पूर्वी नोंद असेल तर जुना नंबर राहतो, नवी नोंदणी असेल तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, शुल्क २० हजार. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आमच्या डॅशबोर्डवरची पितळी पाटी लिंबू-मिठाने घासली तर साल निघालं १९७४. बाबा पाटीकडे पाहत म्हणाले, "राहू दे मंग पेट्रोलच."

रंगाचा घोळ वेगळाच. लष्करी गाडी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, हे मी धरूनच चाललो होतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. तुम्हाआम्हाला तो लावता येत नाही. मागच्या फळीचा वरचा रंग पॉलिश पेपरने खरवडला तर खाली तोच हिरवा आणि त्यावर पांढऱ्यात वर टोक केलेला बाण, म्हणजे लष्करी गाडीच्या नंबराची खूण. अंगावर काटा आला! तो तसाच ठेवण्याचा मोह मला पडला होता. बाबा म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा, बे." चितार ओळीतले एक मूर्तिकार आमच्या ओळखीचे. गणपतीच्या सोंडेवरून ज्यांचा ब्रश सरळ जातो त्यांनी तो बाण बटर पेपरवर हुबेहूब उतरवून दिला आणि गाडीसाठी मातकट खाकी रंगाची छटाही तेच सुचवून गेले. ती छान दिसते, ऑलिव्ह ग्रीनपेक्षा छान, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

इंजिन चालू झालं तेव्हा मी किल्लीवर होतो आणि बाबा डिस्ट्रिब्युटर हाताने जरा-जरा फिरवत होते. आधी फटके मारले, मग खोकली, मग एकदम सहाही सिलिंडर एका सुरात. बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावली. डिझेलच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस तो. म्हणाले, "अबे, ही तर बोलूनच नाही राहिली." तिकडे गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका आजोबांनी पेट्रोल कितीला पडेल ते विचारलं.

पुढे अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बाबांना दाखवायचं ठरलंय, बसने. १९९४ पासून आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तिथे आहे, आणि इतकी वर्षं आम्ही त्या शहरावरून पुण्याला जात राहिलो!

विदर्भात अजून कितीतरी जुन्या जीपा आणि जोंगा बागांत, गोठ्यांत, बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारात उभ्या असतील. तुमच्या ओळखीत एखादी असली तर कबाड्याला फोन करण्याआधी डॅशबोर्डवरची पाटी घासा आणि साल वाचा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बॉनेट उघडून दाखवा.