सांगाडा तोच, कागद नवा

पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. भाडं, किराणा आणि गावी पाठवायचे पैसे एवढं भागलं की सजावटीच्या नावाने फारसं काही उरत नसे. तरीही घर घरासारखं दिसावं ही ओढ होतीच. पडदे, पांघरुणं, दिवाळीचा आकाशकंदील, गणपतीचं मखर, यातलं जे जे घरी होण्यासारखं आहे ते घरीच करायचं, असं मी आणि सासूबाईंनी मिळून ठरवलं. आता हातात चार पैसे खेळतात, बाजारातून आणणंही परवडतं. पण या वस्तू आम्ही अजूनही घरीच करतो. सुरुवात बचतीसाठी झाली होती. करता करता त्यातलं जे उमगत गेलं, ते सांगावंसं वाटतं.

पहिले झाले ते पडदे. साडेपाच मीटरच्या सुती साडीचे मधोमध दोन तुकडे केले की पावणेतीन मीटरचे दोन पडदे मिळतात. सात फुटांच्या दारालाही ते पुरतात आणि दुमडायला भरपूर कापड उरतं. साडीचे काठ पडद्याच्या दोन्ही उभ्या कडांना आपोआप येतात, त्यामुळे बाजूला वेगळी शिलाई लागत नाही. भिंतीला खिळे मारायची सोय नव्हती, म्हणून खिडकीच्या गजांना बांबूची काठी सुतळीने बांधली आणि पडदे त्यात ओवले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एक सुचवलं: काठी ओवायची नळी वर शिवतो तशीच खालीही शिवायची. खालची बाजू हात लागून मळते, वरची उन्हाने विटते. दोन्हीकडे नळी असली की पडदा वरचा खाली करून लावता येतो आणि झीज एकाच जागी होत नाही. एवढ्याशा शिलाईने पडद्याचं आयुष्य कितीतरी वाढलं. वस्तू करतानाच ती पुढे कशी झिजेल याचा विचार करायचा असतो, हा माझा पहिला धडा.

खरा जीव रमला तो आकाशकंदिलात. त्यासाठी बांबूच्या कामट्या हव्यात, आणि त्या घ्यायला मी बुरूड आळीत जाते. सुपं, टोपल्या, रोवळ्या, शिड्या यांच्या ढिगाऱ्यात बसून तिथल्या मावशी बांबू चिरतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं. कोयत्याचा पहिला घाव नेमका बसला की पुढचा बांबू हाताच्या दाबाने सरळ उलगडत जातो. माझ्या हातातली कामटी घेऊन त्या मावशी म्हणाल्या, "ताई, वाकवताना साल बाहेरच्या अंगाला ठेवा. आतला गर बाहेर ठेवलात तर कडकन मोडंल." सालीच्या बाजूला बांबूचे धागे दाट असतात, म्हणून ताण तीच बाजू सोसते. कामट्यांच्या कडा चाकूच्या पात्याने तासून घ्यायच्या, नाहीतर बोटात कूस जाते. हेही त्यांनीच दाखवलं.

आमच्या कंदिलाचा सांगाडा सहा सारख्या चौकोनांचा. एका चौकोनाला चार, म्हणजे एकूण २४ काड्या. प्रत्येक काडी नऊ इंचांची कापायची आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच सोडून खूण करायची. मधे नेमके आठ इंच राहिले पाहिजेत. कंदील डौलदार होणार की वाकडा, हे या खुणांवरच ठरतं. खुणेवर खूण ठेवून दोऱ्याने फुलीसारखे वेढे द्यायचे, गाठ मारायची आणि गाठीवर खळीचं बोट फिरवायचं. चौकोन तयार झाला की त्याला एक तिरपी काडी बांधायची. आठ इंचांच्या चौकोनाचा कर्ण सव्वाअकरा इंचांहून किंचित जास्त भरतो, त्या मापावर खुणा केल्या की चौकोन काटकोनातच राहतो. ही काडी नसेल तर चौकोन दाबला की पतंगासारखा तिरका होतो.

आता जोडणी. चार चौकोन टोकावर उभे करायचे आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यांनी एकमेकांना बांधून त्यांचं कडं करायचं. त्यांची वरची चार टोकं पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना बांधायची आणि खालची चार टोकं सहाव्याच्या. गंमत अशी, की आपण एकही त्रिकोण करत नाही, तरी सांगाडा पुरा झाला की वर चार आणि खाली चार असे आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतात. माझी मुलगी पहिल्यांदा कंदील बांधायला बसली तेव्हा ते त्रिकोण पुन्हा पुन्हा मोजत होती. चोवीस काड्यांमधून चौदा बाजू निघतात हे तिला खरंच वाटेना. फूटपट्टीने मोजून तिने आणखी एक शोध लावला: कंदिलाची आडवी रुंदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बरोबर काडीच्या दुप्पट, म्हणजे सोळा इंच, आणि उंची मात्र चौकोनाच्या कर्णाएवढी. वहीतली भूमिती तिच्या मांडीवर उभी होती.

खळ घरीच करायची. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग तो उकळत्या कपभर पाण्यात सोडून ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की खळ झाली. जुने पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे मुलं हात घालणार असतील त्या खळीत मी ते घालत नाही. लागेल तेवढीच खळ ताजी करते. पतंगाचा कागद अगदी पातळ. खळ कागदाला लावली तर तो हातातच विरतो, म्हणून ती काडीला लावायची आणि कागद वरून अलगद टेकवायचा. ओलाव्याने तो जरा सैल पडतो, पण वाळताना पुन्हा ताणला जातो. त्या तिरप्या काडीची सावली दिव्यात कागदावर दिसते. ती लपवत न बसता आम्ही तिच्या दोन बाजूंना दोन रंग लावतो, एकीकडे केशरी, दुसरीकडे पिवळा. मग ती काडी नक्षीचाच भाग होते. कडांवर सोनेरी कागदाच्या बारीक पट्ट्या आणि खालच्या टोकांना झिरमिळ्या लागल्या की कंदील सजला. वरच्या चौकोनातल्या तिरप्या काडीला होल्डर बांधता येतो. पूर्वी चाळीस वॅटचा बल्ब लावत तेव्हा कागद तापायची भीती असे. हल्लीचा सात वॅटचा एलईडी दिवा फार तापत नाही, तरी तो कागदापासून चार बोटं लांबच ठेवायचा.

या सगळ्याला दोनशे रुपयांच्या आतच खर्च येतो, पण तोही फक्त पहिल्या वर्षी. दिवाळी संपली की कागद ओल्या फडक्याने भिजवून काढायचा, सांगाडा पुसून वाळवायचा आणि माळ्यावर टांगून ठेवायचा. पुढच्या वर्षी एखादी काडी तडकलेली असली तर तेवढीच बदलायची. मग लागतात फक्त चार-सहा कागद आणि दोन चमचे मैदा. रंग कोणते घ्यायचे यावर घरात दर वर्षी रंगतदार चर्चा होते, म्हणून सांगाडा तोच असूनही कंदील दर दिवाळीला नवा असतो. बाजारातला प्लॅस्टिकचा कंदील एकदा चिरला की त्याला जोड देता येत नाही, कारण तो कुठे आणि कसा जोडलेला आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं. आपण बांधलेल्या वस्तूची गाठ न गाठ आपल्या ओळखीची असते. हाताने केलेल्या वस्तूचा स्वस्तपणा मला इथे सापडला.

गणपतीच्या मखरालाही हेच लागू पडतं. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली आणि थर्माकोलच्या मखरांचा प्रश्न घरोघरी उभा राहिला. आम्ही कंदिलाचाच बांबू मोठ्या मापात वापरला. चार उभ्या काठ्या, वर चार आडव्या, आणि मागच्या चौकटीला दोन तिरप्या. सगळं सुतळीने बांधलेलं, म्हणजे विसर्जनानंतर सोडून मोळी करता येतं. मागे आईंची इरकली साडी चुण्या घालून लावतो. ती कुठेही कापत नाही, काठीवरून वळवून टाचण्या लावतो. पाच दिवसांनी साडी झटकून, घडी घालून परत कपाटात.

मूर्तीखालची पायरी पन्हळी पुठ्ठ्याची. फ्रिजच्या किंवा कपाटाच्या खोक्याचा पुठ्ठा दुकानदार सहज देतात. त्यातल्या पन्हळी ज्या दिशेने जातात त्या दिशेने तो ताठ राहतो आणि आडव्या दिशेने वाकतो. म्हणून दोन थर चिकटवताना एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या. असे चार-पाच थर झाले, वजन ठेवून रात्रभर दाबले, की पाट तयार होतो. आमच्या छोट्या शाडूच्या मूर्तीचं वजन तो सहज पेलतो. वरून लावायला मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद आणते. तिथे सुती चिंध्यांपासून कागद बनतो. त्याचा स्पर्श किंचित खरखरीत असतो, रंग त्यावर छान बसतो आणि घडी घातली तरी तो सहजी फाटत नाही. आपल्या अंगावरून उतरलेल्या कापडातून असा सुंदर कागद होतो, हे मला फार आवडतं.

आणि गोधडी. ती मी आईंकडून शिकले. जुन्या साड्या धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून जमिनीवर एकावर एक अंथरायच्या. विरलेल्या आत घ्यायच्या, धड असलेल्या वर आणि खाली. सगळे थर ताणून आधी लांब-लांब कच्चे टाके घालायचे, म्हणजे आतलं कापड सरकत नाही. मग कडेपासून धावदोरा घालत चौकटीमागून चौकट करत मध्याकडे जायचं. कडेकडून आत येत गेलं तर कापड मध्यभागी गोळा होऊ शकतं, म्हणून दर दोन-तीन ओळींनी तळहाताने ते चोपून सारखं करावं लागतं. आईंचे टाके ज्वारीच्या दाण्यांसारखे एकसारखे. माझे तसे यायला बराच काळ गेला आणि त्या काळात त्यांनी माझी एकही ओळ उसवली नाही. म्हणायच्या, "राहू दे तशीच, पुढची ओळ नीट येईल."

एकदा गोधडीचा एक कोपरा विरला म्हणून मी ती काढून टाकायची म्हणत होते. आई म्हणाल्या, "अगं, गोधडी फाटत नाही, झिजते. झिजली तिथं ठिगळ लाव, पुन्हा धावदोरा घाल. चार वर्षं कुठं जात नाही." मी मुलीच्या लहानपणच्या झबल्याचं ठिगळ लावलं. आज गोधडीचा तोच कोपरा सगळ्यात जाड आणि ऊबदार आहे.

या कामांना पैसे कमी लागतात, वेळ मात्र भरपूर लागतो, हे मी कुणालाही आधीच सांगते. गोधडी दुपारच्या मोकळ्या वेळात महिना-दीड महिना चालते. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांनी एकच वस्तू निवडावी आणि ती मन लावून करावी. कंदिलापासून सुरुवात करावी असं मी सुचवेन, कारण साहित्य थोडं लागतं, दोन-तीन संध्याकाळी पुरतात आणि घरातली सगळी माणसं एकाच वेळी त्यावर बसू शकतात. एकाने काड्या तासाव्यात, एकाने खुणा कराव्यात, एकाने दोरा धरावा.

या वेळेचा हिशेब एकदा हाताला कळला की बाजारातली नजरही बदलते. बुरूड आळीतल्या मावशींशी मी आता भावासाठी घासाघीस करत नाही. गोधडी विकायला बसलेल्या बाईने सांगितलेली किंमत मला महाग वाटत नाही. तिच्यातले टाके किती दुपारींचे आहेत ते मला दिसतं. माझं घर कमी पैशांत सजतं ते मी माझा वेळ घालते म्हणून. दुसऱ्याच्या वेळेची किंमत पाडून ते सजवायला नको.

म्हणून नवीन बिऱ्हाड मांडणाऱ्या मुलींना मी सांगते, घर एकदम सजवायला जाऊ नका. एक वस्तू करा, ती वापरा, झिजू द्या, मग ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करा. दुरुस्त करताना ती जशी कळते तशी पहिल्यांदा करताना कळत नाही. आणि जी वस्तू आपल्याला पुरती कळली, ती मोडेल म्हणून भीती वाटत नाही आणि जुनी झाली म्हणून टाकावीशीही वाटत नाही.