कळ थांबली, खडा राहिला

पोटांत दुखलें कीं पित्त, असा आम्हां मंडळींचा जुना निकाल आहे. पंगतीचें जेवण झाल्यावर रात्रीं एखाद्या सुनेच्या उजव्या बरगडीखालीं कळ उठते, ती पाठींतून उजव्या खांद्यापर्यंत जाते, आणि दोन-तीन तास तिला कोणत्याहि कुशीवर चैन पडत नाहीं. सकाळीं ती स्वयंपाकघरांत उभी दिसली, कीं घर निश्चिंत होतें.

अशी कळ पुष्कळदां पित्ताशयाची असते. स्निग्ध अन्न पोटांत गेलें कीं यकृताखालची ही पिशवी आकुंचन पावून पित्त बाहेर सोडूं लागते. तिच्या तोंडाशीं खडा अडकला म्हणजे आंतील दाब वाढतो. यावर डायक्लोफेनॅकच्या जातीचें वेदनाशामक औषध आजचे डॉक्टर प्रथम देतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरांत व्रण असणारांस तें धोक्याचें. म्हणून तें मनानें घेऊं नये. आवळलेले स्नायू सैल करण्यासाठीं हायोसीन देतात, आणि वेदना असह्य असल्यास अफूच्या वर्गांतील औषधें.

परंतु यांतील एकहि औषध खडा काढीत नाहीं. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लानें कोलेस्टेरॉलचे लहान खडे विरघळूं शकतात; पण त्यास कित्येक महिने लागतात, आणि पुढें पुष्कळांना खडे पुन्हां होतात. बर्लिन येथें १८८२ सालीं कार्ल लांगेनबुख यांनीं पित्ताशयच काढून टाकलें. कळा वारंवार येणारांस तोच उपाय अद्यापि खात्रीचा आहे. १९८५ सालीं एरिख म्यूहे यांनीं जर्मनींतच तें काम दुर्बिणीनें केलें, तेव्हांपासून तें पुष्कळच सुसह्य झालें आहे.

आमच्या नात्यांतील एका वहिनींनीं अशा कळा तीन वर्षें गोळ्यांवर काढल्या. आधीं मुलाची मुंज, मग नणंदेचें लग्न, मग सासऱ्यांचें आजारपण. "एवढें कार्य होऊं द्या, मग पाहूं," हें त्यांचें ठरलेलें उत्तर. शेवटीं थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे झाले. खडा पित्तनलिकेंत उतरला होता. तोंडावाटें दुर्बीण घालून तो काढावा लागला, आणि पुढें पित्ताशयहि. त्या वांचल्या.

गोळीनें मिळते ती सवड. ती तपासणीसाठीं आहे, पुढच्या पंगतीसाठीं नव्हे. सून आपण होऊन बोलणार नाहीं. घरांतील वडील माणसांनींच तिला विचारावें, आणि कार्याचा मुहूर्त पाहण्यापूर्वीं तिच्या सोनोग्राफीचा दिवस ठरवावा.