तीन रेघांची नदी

काळा रंग एकच असतो असं कोणी म्हणालं, तर त्याला तोको शिनोदा यांची चित्रं दाखवावीत. या जपानी चित्रकर्तीच्या कागदावर एक काळा कोळशासारखा, दुसरा पावसाळी ढगासारखा आणि तिसरा म्हणजे जेमतेम ओलसर डाग! शाईत पाच रंग असतात, असं चीनमध्ये फार पूर्वीपासून म्हणतातच.

मटेरियल सायन्सवाल्यांसाठी सांगते. ही 'सुमी' शाई म्हणजे काजळी आणि प्राणिज सरस. त्याची वडी दगडावर पाण्यात उगाळायची. पाणी किती घेतलं, यावर छटा ठरते. कुंचला टेकला की शाई कागदाच्या धाग्यांत शिरते. मग खोडरबर नाही, ब्लेडने खरवडणं नाही, आणि जीटी मारायचा तर प्रश्नच नाही! हात कुठे अडखळला, कुठे धावला, सगळं कागदावर राहतं.

शिनोदा यांचा जन्म १९१३ चा. सहाव्या वर्षापासून त्या वडिलांकडे अक्षरलेखन शिकल्या. चिनी लिपीतून जपानीत आलेलं 'नदी'चं अक्षर म्हणजे तीन उभ्या रेघा. त्यांना वाटायचं, तीनच का? जास्त का नकोत? १९४० साली टोकियोत त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, तेव्हा जाणकारांचा शेरा आला, की या कामाला मुळंच नाहीत.

इथे मी थबकले. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शेरा ओळखीचा आहे. मराठी बोललं तर "किती इंग्लिश घुसवतेस!" आणि मेसमध्ये इंग्लिश बोललं तर "शायनिंग मारते!" मग मुळं नक्की कुठे असतात हो?

शिनोदांनी अक्षर सोडलं, पण शाई-कुंचला सोडला नाही. १९५६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथे तेव्हा अमूर्त चित्रकलेचा जोर होता, वातावरण त्यांना मानवणारं होतं. पण हवा कोरडी! शाई पसरायच्या आत वाळायची. सुमारे दोन वर्षांनी त्या जपानच्या दमट हवेत परतल्या आणि शंभरी ओलांडल्यावरही चित्रं काढत राहिल्या. २०२१ मध्ये, १०७ व्या वर्षी त्या गेल्या.

मला वाटतं, जिथे आपली शाई नीट पसरते, तिथे आपली मुळं. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. चौथी रेघ ओढण्याआधी त्यांनी तीन रेघा वर्षानुवर्षं गिरवल्या होत्या. 'आमचं असंच असतं' म्हणून सराव टाळायची सोय त्यात नाही.

म्हणून हल्ली मी आजीला दर रविवारी मराठीत पत्र लिहिते, शाईच्या पेनाने. जोडाक्षरं वाकडी येतात, मधेच एखादा इंग्लिश शब्द देवनागरीत येऊन बसतो. खोडत मात्र काहीच नाही. आजी म्हणते, वाचता येतं.