काटा आणि ओवी

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक साताऱ्यात शिकवतो, दुसरा सांगलीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना त्यांचे दारिद्र्य, आजारपणे आणि पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट यांना ‘उन्नयन करणारे दुःख’ म्हणण्याची आम्हा दोघांनाही सवय. गेल्या वर्षी सांगलीच्या वर्गात एक विद्यार्थिनी उभी राहिली. “सर, संधिवातानं माझ्या आईला रात्र रात्र झोप नसते. तिचं कसलं उन्नयन होतं?”

उत्तर नव्हते. त्या रविवारी आम्ही दोघे भेटलो आणि ज्या शिकवणुकीचा आधार घेऊन बोलत होतो, ती पुन्हा वाचली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या देहातल्या काट्याविषयी सांगतो. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, तो सोसण्याचे बळ मात्र मिळाले. म्हणजे पौलाने काटा मागितला नव्हता. दुःख इष्ट आहे असे येथे म्हटलेलेच नाही. ते टळले नाही तरी माणूस त्याच्याखाली चिरडला जाईलच असे नाही, एवढाच विश्वास आहे. शुभवर्तमानांतला येशू तर रोग्याला सहनशीलतेचा उपदेश करीत बसत नाही, बरे करतो.

आमच्या परिसराने हे दोन्ही पाहिले आहे. रेव्हरंड टिळक १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास आले, ‘देवाचा दरबार’ उभारू लागले आणि १९१९ मध्ये वारले. पुढे लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिल्या त्या स्वतःलाही हसत. पण भुकेला त्यांनी भूकच म्हटले. इकडे मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. धर्मग्रंथ तोच, पण परक्याच्या वेदनेपुढे त्यातून उपदेश नव्हे, शस्त्रक्रिया निघाली. सोसणे हे स्वतःपुरते व्रत आहे. दुसऱ्यावर ते लादले की त्याचा निर्दयपणा होतो. आमची चूक नेमकी तेथे होती.

पुढच्या तासाला वर्गासमोर ती कबूल केली. विद्यार्थिनी म्हणाली, “उपचार चालू आहेत, सर. दुखणं आहेच. आई पहाटे ओव्या म्हणते, तेव्हा तिला बरं वाटतं. पण ते तिनं सांगायचं, आपण नाही.”

आमच्या टिपणवहीतला ‘उन्नयन’ हा शब्द आम्ही खोडला आहे.