हैदराबादहून दिसणारं आभाळ

एप्रिल लागला की माझी झोप उडते. अर्धापूरजवळ आमच्या खळ्यावर शिजवलेली हळद वाळत पडलेली असते आणि मी हैदराबादेत, अंथरुणात, मोबाइलवर रडारचं चित्र बघत असतो.

हवामान खात्याचं हे चित्र दर दहा मिनिटांनी बदलतं. (त्यावरची वेळ ग्रीनिचची असते, साडेपाच तास मिळवायचे. सुरुवातीला मला वाटायचं चित्र संध्याकाळचंच अडकून पडलंय!) लाल ठिपका म्हणजे जोराचा पाऊस, कदाचित गाराही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तेव्हापासून आमच्या घरात या लाल रंगाची धास्तीच आहे.

गंमत म्हणजे लातूर आणि नांदेड दोन्ही हैदराबादपासून सरळ रेषेत साधारण 230 किलोमीटर. चित्र संपतं 250 वर. म्हणजे आमची दोन्ही गावं अगदी काठावर. ताई लातूरला असते. उन्हाळ्यात वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून, त्यामुळे लातूरकडचं वादळ पुष्कळदा नांदेडच्या दिशेने सरकतं. ताशी चाळीस धरले तर तीनेक तास. "इकडं सुटलंय बघ वारं," असा ताईचा फोन आला की मी बाबांना फोन करायचो.

2023 च्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री दीडला लाल पट्टा नांदेडकडे येताना दिसला. बाबांना उठवलं. ते आणि आई बॅटरी घेऊन खळ्यावर गेले, हळद गोळा केली, ताडपत्री ओढली, दगड ठेवले. टिपूसही पडला नाही. सकाळी बाबा एवढंच म्हणाले, "आलं का रे तुझं वादळ?"

चार दिवसांनी पुन्हा ढग दिसला, पण विरत चालला होता. मागचं आठवून फोन केला नाही. पहाटे तीनला धो धो पाऊस. भिजलेल्या हळदीचा रंग उतरतो, मग भावही उतरतो.

मग मी जरा वाचलं, थोडी आकडेमोड केली. रडारचा किरण सरळ जातो आणि जमीन गोल. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण नांदेडवर पोचेपर्यंत जमिनीपासून पाचेक किलोमीटर वर गेलेला असतो. म्हणजे मला दिसत होता तो ढगाचा वरचा भाग. त्याच्या खाली काय पडतंय, वाटेतच सुकून जातंय का, ते दिसतच नव्हतं.

आणि खरी मेख तर आणखी खाली. उन्हाळी ढग एकेकटा तासाभरात संपतो, पण त्यातून कोसळलेली थंड हवा जमिनीलगत पसरते आणि पुढची गरम, दमट हवा उचलून नवा ढग उभा करते. वादळ रात्रभर चालतं ते असं. ही थंड हवेची कड रडारवर केसाएवढ्या बारीक रेघेसारखी दिसते, पण रडारजवळ असेल तरच. हैदराबादवरची मला स्पष्ट दिसते. खळ्याकडे निघालेली दिसणार नाही. मी विरणारा ढग बघून निर्धास्त झालो होतो, आणि बहुधा त्यानेच पुढचा उभा केला होता.

हे सगळं बाबांना फोनवर समजावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "त्या रात्री लिंबाच्या मागं वीज पडली होती. तुला सांगितलं नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मी दीड वाजता सत्तरीतल्या दोन माणसांना उघड्या खळ्यावर पाठवलं होतं, भावासाठी. विजांची माहिती देणारं 'दामिनी' माझ्याच मोबाइलमध्ये होतं.

आता रडार बघून फोन करायचा तो रात्री नऊच्या आत. त्यानंतर काहीही दिसो, करत नाही. बाबा म्हणतात, कामून जागतोस मग? ते खरंच आहे. तरी बघतो. काल पावणेदोनला ताईचा मेसेज आला, "जागा आहेस ना?" तिच्याकडे गडगडत होतं. आम्ही दोघं चारपर्यंत बोलत बसलो, आणि खळ्यावर फोन केला नाही.