मद्रासच्या भिंतींवरचं युद्ध

चेन्नईत पॅरीज कॉर्नरला उतरलं की एकीकडे एनएससी बोस रोड लागतो, दुसरीकडे राजाजी सालै. दोन्ही रस्ते हायकोर्टाच्या तांबड्या इमारतीपाशी एकमेकांना भेटतात. १९४२ साली सुभाषबाबू बर्लिनहून रेडिओवर बोलत होते, इंग्रजांना मदत करू नका म्हणत होते. मद्रासचे नेते राजाजी काँग्रेसबाहेर पडले होते आणि ‘छोडो भारत’ला विरोध करत होते. त्या काळात मद्रासच्या माणसाने कोणाचं ऐकायचं, हा पेच या दोघांच्या नावांचे रस्ते भेटतात त्या चौकात उभं राहिलं की नीट कळतो.

हायकोर्टाच्या पूर्वेकडच्या भिंतीत एक पाटी बसवलेली आहे. पहिल्या महायुद्धात, २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका समोरच्या समुद्रात आली. तिने शंभरावर तोफगोळे डागले, बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवल्या आणि ती निघून गेली. त्यातला एक गोळा इथे पडला. महासागरावर इंग्रजांचं राज्य आहे असं ऐकत आलेल्या शहराने ते तेल जळताना पाहिलं आणि माणसं बाडबिस्तरा घेऊन स्टेशनाकडे धावली.

त्याच युद्धातलं सैन्यभरतीचं एक उर्दू पोस्टर मला फार बोलकं वाटतं. चित्रात वर्दी आहे, बंदूक आहे, रुपये आहेत. वर्दी घालणारा माणूस मात्र नाही. हे सगळं कोण घेणार, असा प्रश्न, आणि जो ताबडतोब भरती होईल तो, हे उत्तर. इथे देश, धर्म, न्याय यांचा विषयच नाही. पोटाला हात घालणारं हे पोस्टर मला इतर पोस्टरांपेक्षा प्रामाणिक वाटतं. तेरा लाखांवर हिंदी माणसं त्या युद्धात गेली. मद्रासच्या किल्ल्याजवळ, समुद्राच्या अंगाला, त्याच युद्धाच्या विजयस्मारकाची गोल वास्तू उभी आहे. तिथे विजय कोरलेला आहे, पण तो कोणाचा, हे विचारावंसं वाटतं.

दुसऱ्या युद्धात सूर बदलला. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही नेत्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. मद्रासचं राजाजींचं मंत्रिमंडळ पुढच्याच महिन्यात पायउतार झालं. मग १९४२मध्ये सरकारने ‘नॅशनल वॉर फ्रंट’ उभी केली. अफवांवर विश्वास ठेवू नका, धीर सोडू नका, हा तिचा घोष. स्वातंत्र्यासाठी लढा, हे पारतंत्र्यात ठेवलेल्या लोकांना सांगायचं कसं, ही त्या प्रचाराची खरी अडचण होती.

आणि धीर आधी सोडला तो सरकारनेच. ६ एप्रिल १९४२ला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब टाकले. लगोलग मद्रासमध्ये, ज्यांचं इथे काम नाही त्यांनी शहर सोडावं, असं सांगण्यात आलं. कचेऱ्या आतल्या गावांत हलल्या. रिपन बिल्डिंगच्या मागे तेव्हा पीपल्स पार्कातलं प्राणिसंग्रहालय होतं. बाँब पडून पिंजरे फुटले तर काय, या भीतीने तिथले वाघ-सिंह गोळ्या घालून मारले. त्याच भागातल्या नेहरू स्टेडियमच्या बाजूने चालताना मला त्या मुक्या जिवांची आठवण टाळता येईना. जपानी सैन्य आलंच नाही. १९४३च्या ऑक्टोबरात एकच विमान येऊन बाँब टाकून गेलं.

समुद्रापलीकडेही कागदच उडत होते. आशिया आशियाई लोकांची, असं जपानी पत्रकं सांगत. इंग्रज अधिकारी मागे आणि हिंदी शिपाई मरायला पुढे, अशी चित्रं त्यांवर असत. चित्र खोटं नव्हतं, पण काढणाऱ्याचा हात स्वच्छ नव्हता. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांना त्याच जपान्यांनी सयाम-बर्मा रेल्वेच्या कामावर नेलं आणि तिथे ते हजारोंनी मेले. त्याच मळ्यांतल्या मुली आझाद हिंद सेनेच्या पलटणीत दाखल झाल्या. पलटणीला नाव आपल्या झाशीच्या राणीचं. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता, अशा कितीतरी तमिळ मुली त्या नावाखाली बंदूक घेऊन उभ्या राहिल्या. हे कुठल्याही पोस्टरच्या बळावर घडलं, असं मला वाटत नाही. त्यांची सेनानी कॅप्टन लक्ष्मी मद्रासची, १९३८ साली इथल्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेली.

ते कॉलेज सेंट्रल स्टेशनच्या समोर आहे. त्याच्या शेजारी मद्रासचा मध्यवर्ती तुरुंग होता. आझाद हिंदच्या कामासाठी पाणबुडीतून मलबारच्या किनाऱ्यावर उतरलेला वक्कम अब्दुल खादर आणि त्याच्यासारखेच देशात शिरलेले अनंतन नायर, सत्येंद्रचंद्र बर्धन, फौजा सिंग यांना १० सप्टेंबर १९४३ला इथे फाशी दिलं. एक केरळचा मुसलमान, एक केरळचा हिंदू, एक बंगाली, एक शीख. २००९ साली तुरुंग पाडला आणि ती जागा मेडिकल कॉलेजला मिळाली. लक्ष्मी जिथे शिकली, त्याच कॉलेजची मुलं आता तिथे शिकतात.